जुनं अमेरिकन ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन: ओळखा, तपासा आणि मगच प्लग लावा

अमेरिकेत जुनं घर घेतलं की तळघराच्या कोपऱ्यात कधीकधी साठ-सत्तरच्या दशकातलं वॉशिंग मशीन उभं असतं. काहीजण ते मुद्दाम शोधतात, कारण त्यातले लोखंड, एनॅमल आणि गिअर दुरुस्त करता येतात आणि सर्किट बोर्ड नावाची वस्तू त्यात नसते. दोघांचीही पहिली चूक बहुधा एकच असते. मशीन जागेवर लावायचं, प्लग घालायचा आणि टायमरचं बटण ओढायचं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनचा पंप जाम झालेला असतो, तेल आळलेलं असतं आणि रबर कडक झालेलं असतं. मोटर ते ओढायला जाते, बेल्ट जळतो, नाहीतर मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळतं. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी ओळख, मग हात, मग पाणी, आणि वीज सगळ्यांत शेवटी.

१. मशीनचं घराणं ओळखा

नाव आणि रंग बघून थांबू नका. एकाच कंपनीने दहा-पंधरा वर्षांत आतली सगळी रचना बदलल्याची उदाहरणं आहेत. काय बिघडणार आणि ते आपल्याला जमणार का, हे रचनेवरून ठरतं. त्यासाठी तीन प्रश्न विचारा.

*कपडे कुठून घालायचे?* अमेरिकेतलं घरगुती ऑटोमॅटिक मशीन १९३७ मध्ये बेंडिक्सने आणलं आणि ते समोरून दार असलेलं होतं. सुरुवातीच्या बेंडिक्सला ड्रम झेलणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, म्हणून ते सिमेंटच्या जमिनीत बोल्ट ठोकून बसवत. आज ते नुसतं जमिनीवर ठेवून पिळायला लावलं तर खोलीभर चालत सुटेल. वेस्टिंगहाउसचं लाँड्रोमॅट हेही समोरून दाराचं. ही मशीनं सुंदर आहेत, पण दाराभोवतीचं रबर मिळवणं हीच मोठी मोहीम होते. पहिलं मशीन म्हणून घेऊ नका. युद्धानंतर, १९४७ च्या सुमाराला, वरून झाकण असलेली मशीनं बाजारात आली आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत तीच चालली.

*आतल्या टबाला भोकं आहेत का?* झाकण उघडून बाजूच्या भिंतीवरून हात फिरवा. भोकं असतील तर पाणी आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही टबांत भरतं आणि तळातून पंपाने निघतं. मेटॅग, व्हर्लपूल आणि व्हर्लपूलनेच सीअर्स या दुकानांच्या साखळीसाठी बनवलेलं केनमोर या जातीतलं. भिंत सलग असेल तर पाणी फक्त आतल्या टबात राहतं. टब वेगाने फिरला की पाणी भिंतीवर चढतं आणि काठावरून बाहेर फेकलं जातं. फ्रिजिडेअरची मशीनं अशी. सलग टबात जड रेती तळाशीच राहते, म्हणून ती बाहेर जाण्यासाठी वेगळी वाट ठेवलेली असते. ती चोंदली की धुतलेल्या कपड्यांच्या घड्यांत रेती सापडते.

*कपडे घुसळतात कसे?* बहुतेकांत मधोमध पंखांचा उभा खांब असतो, ॲजिटेटर. ताक घुसळताना रवी जशी अर्धा फेरा इकडे आणि अर्धा तिकडे फिरते, तसाच तो फिरतो. फ्रिजिडेअरचा खांब मात्र फिरत नाही, उखळातल्या मुसळासारखा वर-खाली होतो. कंपनी त्याला पल्सेटर म्हणे. आपल्याकडच्या दोन टबांच्या मशीनमध्ये पल्सेटर म्हणजे तळाशी फिरणारी चकती, त्यामुळे जाहिरात वाचताना घोटाळा करू नका.

२. पहिल्यांदा कुठलं घ्यावं

तीन रचना नवख्याला झेपतात.

*व्हर्लपूल आणि केनमोर, बेल्टवाली.* चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीच्या दशकापर्यंत हीच मूळ रचना चालली, त्यामुळे मशीनंही खूप आणि सुट्या भागांसाठी फोडलेली मशीनंही खूप. केनमोरचा मॉडेल नंबर ११० ने सुरू होत असेल तर ते व्हर्लपूलने बनवलेलं.

याचं मर्म मागचं झाकण काढल्यावर दिसतं. टबाखाली दोन कॉइलची एक जोडी असते, तिला विगवॅग म्हणतात. मोटर चालू असेपर्यंत ही जोडी घड्याळाच्या लंबकासारखी सतत डावी-उजवीकडे हलत राहते. टायमरने एका कॉइलला वीज दिली की एक पिन उचलली जाते, हलणारी जोडी एक पट्टी सरकवते आणि घुसळणं सुरू होतं. दुसरीला दिली की टब फिरायला लागतो. फार हुशार रचना आहे, पण तिच्यातच तिचा कमकुवतपणा आहे. कॉइलला जाणाऱ्या वायरी प्रत्येक हेलकाव्याला वाकतात. वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. पाणी भरतं, मोटर चालते, पण मशीन घुसळत नाही किंवा पिळत नाही, असं दिसलं तर गिअरबॉक्सवर शंका घेण्याआधी या वायरी बघा.

*मेटॅग, हेलिकल.* ही आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची कंपनी होती. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ही रचना किरकोळ बदलांनी कित्येक दशकं टिकली. इथे विगवॅग नाही, मोटरच दोन्ही दिशांना फिरते. एका दिशेला घुसळणं आणि उलट दिशेला पिळणं. खालची पुली उलट फिरली की मळसूत्राच्या उतारावर सरकते, ब्रेक सोडते आणि टब मोकळा होतो. बेल्ट दोन असतात, एक गिअरबॉक्सचा आणि एक पंपाचा. मोटर पक्की बसवलेली नसते, स्प्रिंगांनी ओढलेल्या सरकत्या बैठकीवर असते, आणि बेल्टचा ताण या स्प्रिंगाच राखतात. बेल्ट सैल वाटला म्हणून मोटर आवळू बघणारे इथे फसतात. दोन बोटांनी बेल्टच्या दोन्ही बाजू जवळ आणा. मोटर सरकून आली आणि सोडल्यावर आपली आपण मागे गेली, तर सगळं ठीक. अडली, तर बैठकीच्या घसरपट्ट्या कोरड्या आहेत. त्या पुसून रबर-प्लॅस्टिकला न खाणारं ग्रीस लावा.

*जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) फिल्टर-फ्लो.* ॲजिटेटरच्या डोक्यावर ताटलीसारखी गाळणी बसते आणि पंपाने उचललेलं पाणी धारेने तिच्यात पडतं, त्यामुळे धागे-कचरा डोळ्यांसमोर अडकतो. घेताना ही गाळणी जागेवर आहे ना बघा, कारण विकणाऱ्याकडून हमखास हरवलेली असते.

फ्रिजिडेअरच्या जुन्या युनिमॅटिकचा मोह पहिल्या खेपेला टाळा. मोटर आणि यंत्रणा एकाच तेलभरल्या संचात आहेत, पिळण्याचा वेग मिनिटाला ११४० फेरे, जो त्या काळात इतर कुणाकडे जवळपासही नव्हता. पण उघडायला खास हत्यारं लागतात आणि सुटे भाग संग्राहकांच्या हातातून हातात फिरतात.

३. निघण्यापूर्वी जमवायचे कागद आणि हत्यारं

विकणाऱ्याकडून मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो आधीच मागवा. त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल शोधा. वायरिंगचा नकाशा बऱ्याचदा मशीनमध्येच, टायमरमागच्या किंवा पाठच्या पत्र्याच्या आत चिकटवलेला असतो. सापडला की फोटो काढून घ्या, जुना कागद हात लावला की तुटतो.

हत्यारांत एक सापळा आहे. हे सगळे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. भारतातून आणलेला मिलिमीटरचा संच वापरू नका. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटर सैल असतो आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. लागेल ते असं:

- पाव, ५/१६, ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे पाने आणि सॉकेट
- मल्टिमीटर
- गंज सोडवणारं तेल, तारेचा आणि नायलॉनचा ब्रश
- रुंद, पातळ पात्याची पट्टी (पत्र्याच्या क्लिपा सोडवायला)
- टॉर्च, बादली, जुने टॉवेल
- जाड पट्टे आणि ढकलगाडी. ही मशीनं दोन माणसांचं काम आहे

४. बघायला गेल्यावर: दहा मिनिटांची तपासणी

प्लग काढलेला असू द्या. "चालू करून दाखवतो" असं म्हटलं तर नम्रपणे थांबवा.

टबाचा काठ दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. स्प्रिंगांवर सगळं एकत्र डोलणं नैसर्गिक आहे. पण बाहेरचा टब स्थिर राहून आतलाच खडखडत असेल तर बेअरिंग गेलं आहे. मग टब हाताने फिरवून बघा. ब्रेकमुळे काही मशीनांत तो जड जातो, त्याची काळजी नको. जात्यात खडा आल्यासारखी खरखर मात्र वाईट.

खाली टॉर्च मारा. कॅबिनेटच्या आतल्या भिंतीवर एकाच उंचीला चौफेर तपकिरी शिंतोडे दिसले तर सीलमधून पाणी किंवा तेल गळून फिरत्या भागावरून उडतं आहे. मेटॅगमध्ये ही खूण विशेष पाहावी. सील गळालं की पाणी बेअरिंगमध्ये उतरतं, आणि दोन्ही बदलणं हे मोठं काम आहे. जमिनीवर काळी रबरी भुकटी असेल तर बेल्ट घासत होता, म्हणजे पंप किंवा पुली अडते आहे.

एनॅमलचा टवका उडालेली जागा नखाने खरवडा. वरवरचा गंज चालेल. पोपडा निघून खाली पत्रा पापडासारखा मऊ लागला तर मशीन सोडून द्या. बाहेरच्या टबाला आरपार भोक पडलं की घरगुती उपाय टिकत नाही.

टायमरचं बटण आत ढकलून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलट कधीच नाही. आतल्या कळा मोडतात आणि टायमर हा या मशीनचा सगळ्यांत दुर्मीळ भाग आहे. सगळ्या जुन्या दोषांपैकी टायमर मोडका असणं हे नकाराचं सगळ्यांत मोठं कारण समजा.

५. आणताना

आतल्या टबाभोवती टॉवेल किंवा फोम ठासून भरा, म्हणजे तो हिंदकळून स्प्रिंगा निखळणार नाहीत. मशीन उभंच न्या. आडवं केलं तर गिअरबॉक्समधलं तेल दांड्यावरून टबात किंवा बेल्टवर येऊ शकतं. नळ्या कापून नव्हे, सोडवून घ्या. त्यांची वळणं नवी नळी निवडताना उपयोगी पडतात.

६. उघडा आणि हाताने फिरवा

मेटॅगचा पुढचा पत्रा खालच्या दोन स्क्रूंवर असतो. बेल्टवाल्या व्हर्लपूलचं मागचं झाकण काढायचं. आत साफसफाई करताना दाबाची हवा मारू नका. त्या काळातल्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

पंपाची पुली बोटांनी फिरवा. सहज फिरली पाहिजे. अडली तर बेल्ट काढून पंप सोडवा. आत नाणी, केसांच्या पिना आणि दगड झालेला साबण निघतो. बेल्टवाल्या व्हर्लपूलमध्ये पंप मुख्य बेल्टवरच चालतो, त्यामुळे जाम पंप म्हणजे काही मिनिटांत जळका बेल्ट. तिथला बेल्ट बदलणं मेटॅगसारखं पाच मिनिटांचं काम नाही, काही आधार मोकळे करावे लागतात. मॅन्युअल समोर ठेवूनच हात घाला.

विगवॅग असेल तर मल्टिमीटरची टोकं एका कॉइलला लावा आणि रीडिंग बघत वायर मुळाशी हळूच हलवा. आकडा स्थिर राहिला तर चांगली. हलवताना आकडा गायब होऊन परत आला तर तार आतून तुटली आहे. नवी वायर लवचीक, अनेक बारीक तारांची घ्या आणि हेलकाव्यासाठी वळण मोकळं ठेवा.

आता ॲजिटेटर काढा. व्हर्लपूलमध्ये वरच्या टोपीखाली नट असतो. मेटॅगचा नुसता ओढून निघायचा असतो, पण साबणाने घट्ट बसलेला असतो. त्यात गरम पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग सरळ वर ओढा. हातोडी मारू नका. काळे, जुने ॲजिटेटर बेकेलाइटचे असतात आणि काचेसारखे फुटतात. खाली राखाडी चिखल साचलेला दिसेल. जुन्या मशीनमध्ये धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो तो याचाच. कोमट पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने सगळा काढा.

७. रबर आणि पाणी

पाणी घेणाऱ्या दोन्ही नळ्या न बघता नव्या लावा, स्टीलची जाळी असलेल्या. आतल्या नळ्या दाबून बघा. भेग दिसली किंवा चिकट लागल्या तर बदला. नळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळ्या गाळाने चोंदलेल्या असतात, त्या काढून धुवा.

पातळी ओळखणाऱ्या स्विचकडे जाणारी पातळ हवेची नळी विसरू नका. स्विचच्या बाजूने ती काढून दुसरी स्वच्छ नळी लावा आणि हलकेच फुंका. आत "टिक" असा आवाज आला पाहिजे. स्विच चांगला पण ही नळी भेगाळलेली असेल तर हवेचा दाब टिकत नाही, टब भरल्याचं मशीनला कळत नाही आणि पाणी काठावरून जमिनीवर येतं. काही मशीनं पाणी पातळीने नव्हे तर वेळेने मोजतात. त्यांच्यात नळाचा दाब कमी असला की टब अर्धाच भरतो, आणि तो बिघाड नव्हे.

निचऱ्याची नळी टबातल्या पाण्यापेक्षा उंच न्या. ३४ ते ३६ इंचांवरचा उभा पाइप ठीक. खाली ठेवली तर एका बाजूने भरलेलं पाणी दुसऱ्या बाजूने आपोआप वाहून जातं आणि मशीन तासभर भरतच राहतं. मागे निचऱ्याच्या दोन नळ्या दिसल्या तर ते साबणाचं पाणी शेजारच्या हौदात साठवून पुन्हा वापरणारं मॉडेल आहे. हौद नसेल तर दोन्ही नळ्या निचऱ्यातच पक्क्या करा. एक मोकळी राहिली तर गरम साबणाचं पाणी तळघरभर पसरेल.

आता वीज न लावता टबात तीन-चार बादल्या पाणी ओता आणि अर्धा तास खाली कोरडा कागद पसरून ठेवा. गळती कागदावर दिसेल, आणि कुठून हेही कळेल.

८. वीज

जुन्या मशीनला दोन पिनांचा प्लग आणि वेगळी अर्थिंगची वायर असते. ती वायर पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडत. आता पाइप प्लॅस्टिकचा असेल तर ती कुठेच जात नाही. तीन पिनांची नवी केबल घाला, हिरवी वायर कॅबिनेटच्या खरवडून उघड्या केलेल्या धातूला स्क्रूने आवळा आणि जीएफसीआय सॉकेटच (वीज गळताच पुरवठा तोडणारं) वापरा. वायरीचं कापडी किंवा रबरी आवरण वाकवल्यावर भुगा होत असेल तर तो तुकडा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर असेल आणि तो १९७९ च्या आधीचा असेल तर बदलाच. त्यात विषारी पीसीबी तेल असू शकतं.

पहिली चाचणी बेल्ट काढून घ्या. मोटर लगेच सुरू झाली पाहिजे. नुसती "हूं" करून थांबली तर तीन सेकंदांत प्लग उपटा. मोटर सुरू करून देणारा आतला स्विच अडकलेला असतो, आणि जास्त वेळ हूं चालू राहिली तर मोटर सुरू करण्यापुरतं असलेलं वाइंडिंग जळतं. मोटर चांगली चालली की बेल्ट चढवा आणि रिकाम्या टबाने प्रत्येक फेरी थोडी थोडी चालवा. टायमर फिरवताना बटण दरवेळी आधी बंद करा.

*भारतात न्यायचं मनात असेल तर:* इथे फक्त व्होल्ट बदलून भागत नाही. ही मशीनं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहेत, आपल्याकडे ५० हर्ट्झ. मोटर आणि टायमर दोन्ही ५/६ वेगाने चालतात. ६०० फेऱ्यांचं पिळणं ५०० वर येतं आणि दहा मिनिटांचं घुसळणं बारा मिनिटं चालतं. हे चालून जातं. पण ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले तर मोटर आणि कॉइल तापतात, कारण १२० भागिले ६० हे प्रमाण राखायचं तर ५० ला १०० व्होल्टच पाहिजेत. म्हणून २३० चे १०० व्होल्ट करणारा, किमान २ केव्हीएचा वाइंडिंगवाला ट्रान्सफॉर्मर घ्या. मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढते, प्रवासातले छोटे कन्व्हर्टर तिथे जळतात. अमेरिकन नळीचे आटे इंचाला साडेअकरा आणि आपल्याकडच्या पाऊण इंची नळाचे चौदा, त्यामुळे नळी दोन आटे चढून अडकते. जोर लावून आवळू नका, मधला जोड वापरा.

९. पहिली धुलाई

पहिल्या फेरीला चार-पाच जुने टॉवेल आणि गरम पाणी, साबण शून्य. तरीही फेस येईल. तो टबाच्या भिंतींत मुरलेला जुना साबण आहे. फेस येईनासा होईपर्यंत हेच करा. मग कमी फेसाची पावडर पाकिटावरच्या मापाच्या निम्मी घाला. फेस जास्त झाला तर तो दोन टबांच्या मध्ये अडकून फिरत्या टबाला ब्रेकसारखा धरतो, पिळण्याचा वेग मंदावतो आणि मोटर तापते. हे दिसलं की मशीन थांबवा, थंड पाणी ओता आणि पुन्हा निचरा.

कपडे सैल टाका, ॲजिटेटरभोवती गुंडाळू नका. आपल्या घरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. साडी, धोतर किंवा ओढणी मोकळी टाकली तर ती खांबाभोवती पीळ घेते आणि काठापासून फाटते. साडी घडी करून जाळीच्या पिशवीत घाला आणि सौम्य, छोट्या फेरीवर चालवा. रेशमी आणि नऊवारी हातानेच.

एका पूर्ण धुलाईला साधारण दीडशे लिटर पाणी लागतं. घर सेप्टिक टँकवर असेल तर एका दिवशी चार-पाच घाणे लावू नका.

पहिला महिनाभर मशीनखाली पुठ्ठा ठेवा आणि दर धुलाईनंतर बघा. पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा राहतो. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. डाग रेघेबाहेर गेला नाही तर ते जुनं, साचलेलं तेल होतं. दर आठवड्याला पुढे सरकत असेल तर गिअरबॉक्सचं सील बदलायची तयारी करा. धुलाई झाली की दोन्ही नळ बंद, झाकण उघडं.